नमस्कार छाटणारा ट्रिगर

डेटाबेसवरची उत्तरं फार टिकत नाहीत. नवी आवृत्ती आली की जुनं उत्तर चुकीचं ठरतं. उत्तराखाली झालेली भांडणं मात्र ताजी राहतात, आणि आमच्या ग्रुपकडे आता उत्तरांपेक्षा भांडणांचाच साठा मोठा आहे.

डेटाबेसच्या प्रश्नांसाठी हा मराठी ग्रुप मी स्वतःच्या वेबसाइटवर सुरू केला. बाहेर शिकून मुलुंडला परतले तेव्हा मनाशी पक्कं केलं होतं, की इंग्रजी येत नाही म्हणून कुणाचा प्रश्न अडू नये. ग्रुप सांभाळायला आम्ही तिघं: मी, पवईच्या एका ऑफिसात काम करणारा नीलेश आणि भांडुपचे परबकाका. काकांचे वडील गिरणीत होते. काका एका कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागातून रिटायर झाले.

* * *

नीलेशचं एक ठरलेलं उत्तर होतं. कुणी काहीही विचारलं की हा लिहायचा, "आधी शोध, मग विचार."

एकदा एका मुलीने उलट लिहिलं, "शोधलं ना. सगळ्यात वर तुमचंच उत्तर आलं. त्यातही हेच लिहिलंय!"

नीलेश दोन दिवस ग्रुपवर फिरकला नाही.

* * *

माझा हट्ट वेगळा. मी शिकले तिथे प्रश्न आणि उत्तर, एवढंच असायचं. आपल्याकडे आधी नमस्कार, मग 'माफ करा, साधाच प्रश्न आहे', शेवटी आगाऊ धन्यवाद. खरा प्रश्न मधे कुठेतरी. मी नियम लिहिले, कुणी पाळले नाहीत. म्हणून ग्रुपच्या डेटाबेसात ट्रिगर बसवला.

ट्रिगर म्हणजे टेबलमध्ये, म्हणजे नोंदींच्या तक्त्यात, काही बदललं की आपोआप चालणारी सूचना. माझा ट्रिगर प्रत्येक नव्या मेसेजमधून तीन गोष्टी छाटायचा: नमस्कार, धन्यवाद, माफ करा. छाटून काहीच उरलं नाही, तर मेसेजच पुसायचा. हे ग्रुपला सांगायची गरज मला वाटली नाही.

नीलेश म्हणाला, झकास. काकांनी मान हलवली.

"तू शिकान इलंस ता बरा. पण नमस्कार केल्यान डेटाबेस जड होता काय गो?"

* * *

बोरिवलीच्या एका क्लासवाल्या सरांचा डेटाबेस अडकला. मुलाचा फोन नंबर बदलला की एक ट्रिगर तो पालकांच्या टेबलात लिहायचा. तिथला ट्रिगर तो परत मुलांच्या टेबलात लिहायचा. दोन व्याही दारात उभे राहून 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करतात, तसं.

यावर नीलेश आणि अंधेरीचा एक जाणकार यांची जुंपली. चूक पहिल्या ट्रिगरची की दुसऱ्याची? मग एकाने दुसऱ्याला 'तू' म्हटल्यावरून वेगळंच पेटलं. शेवटचा शब्द कुणीच सोडेना.

सरांनी खाली लिहिलं, "माझा डेटाबेस बत्तीस फेऱ्यांनंतर आपोआप थांबतो. तुमचं काय?"

* * *

सारिका कांबळे घाटकोपरच्या एका छोट्या रक्तपेढीत नोंदी सांभाळतात. त्यांनी लिहिलं, की एक पिशवी दिली तर साठा एकने कमी होतो, पण हॉस्पिटलला सहा एकदम दिल्या तरी एकनेच होतो. स्क्रीनवर रक्त दिसतं, नातेवाईक येऊन उभे राहतात आणि फ्रिजमध्ये पिशवीच नसते.

नीलेशने 'आधी शोध' लिहिलं नाही. मी समजावलं, की त्यांच्या डेटाबेसात सहा पिशव्यांच्या सहा ओळी एकाच आज्ञेने बदलल्या तर ट्रिगर सहा वेळा नाही, एकदाच चालतो. लिहिणाऱ्याने एकाच ओळीचा विचार केला होता. दोन संध्याकाळी बसून तो ट्रिगर मी त्यांच्याबरोबर नव्याने लिहिला.

मग सारिकाताई गप्प. चाललं की नाही, काहीच नाही. आठवडा वाट पाहून मी ग्रुपवर लिहिलं, "काम झालं की लोक साधं कळवतही नाहीत. अशांसाठी वेळ का घालवायचा?"

नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरजही नव्हती.

* * *

रविवारी सकाळी काकांनी मला भांडुपला बोलावून घेतलं. सारिकाताईंनी त्यांना फोन केला होता. परत आलेल्या पिशव्यांचा ट्रिगरही तसाच चुकतो, पण ग्रुपवर विचारायचं नाही असं त्यांनी ठरवलंय. सकाळ-संध्याकाळ फ्रिज उघडून त्या पिशव्या हाताने मोजतात.

"का पण?" मी विचारलं.

काकांनी त्यांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. "मी चार वेळा धन्यवाद लिहिलं, चारही वेळा पुसलंत. आमचं धन्यवादही चालत नाही का तिथे?"

मी तिथेच लॅपटॉप उघडला आणि ट्रिगरच्या यादीतून 'धन्यवाद' काढून टाकलं. त्यांना फोन करते म्हटलं, तर काका नको म्हणाले.

"चारचौघांत बोललंस. माफीय चारचौघांतच माग."

मी मोठा मजकूर लिहिला. ट्रिगर म्हणजे काय, माझा हेतू काय होता, चूक कशी झाली. काका एकेक ओळ खोडायला लावत गेले. शेवटी उरलं, 'सारिकाताई, माफ करा'.

पाठवलं.

ग्रुपवर दिसलं, 'सारिकाताई,'

काकांनी चष्मा लावला. आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी घाईघाईने पुन्हा लिहायला घेतलं, तेवढ्यात खाली उत्तर आलं.

"बोला ना ताई. तो दुसरा ट्रिगर पाठवू का?"