ट्रकमागची गाडी

आमच्या पिस्कॅटवेच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक तरुण इंजिनिअर राहायचा. गाडीतली रिकामी जागा त्याला बघवत नसे. बाजाराला निघाला की दारं वाजवून विचारी, "काका, येताय? दोन सीट मोकळ्या आहेत." आभार मानले की संकोचायचा. मला तो आवडत असे.

टेक्ससला, प्लेनोत नोकरी लागली तेव्हा भाड्याचा ट्रक त्याने स्वतःच भरला. आपल्या गाडीची पुढची चाकं छोट्या ट्रॉलीवर चढवून ती ट्रकमागे जोडली. मला प्रत्येक गोष्ट तपासायची सवय, म्हणून निघायच्या वेळी मागे जाऊन मी साखळ्या ओढून पाहिल्या. मान वर केली तर गाडीच्या काचेतून त्याची आई माझ्याकडे बघून हसत होती. पट्टा बांधलेला, मांडीवर डबा.

मी काच ठोठावली. "मावशी, उतरा आधी!"

"असू द्या हो, ऐसपैस आहे इथं."

मी पुढे धावलो. ट्रक सुरू झाला होता, पलीकडच्या खिडकीशी त्याची बायको बसली होती. "अरे, आईला मागे बसवलंस? ट्रॉली सुटली तर?"

"डबल चेक केलंय, काका. डोन्ट वरी."

"पुढे घे त्यांना!"

"पुढे ही आहे, आणि मध्ये टीव्ही ठेवलाय," तो मला समजावू लागला. "टीव्हीला मागे फार धक्के बसतात ना, यार."

खिडकीतून हात घालून मी ट्रकची किल्ली काढली आणि मावशी पुढे येऊन बसेपर्यंत मुठीत धरून ठेवली.