उंबऱ्यावरची दोन लिंबं

आजवर कुणाला सांगितलं नाही ते आधी सांगून टाकतो. एका तीस एप्रिलला मी बायको आणि मुलीला घेऊन लेण्याद्रीला गेलो, तो गणपतीच्या ओढीनं नव्हे. त्या संध्याकाळी आमच्याकडं जेवायला येणाऱ्या एका माणसाला मला चुकवायचं होतं. मी प्राथमिक शिक्षक, तेव्हा तिसरीचा वर्ग माझ्याकडं. आणि तो माणूस म्हणजे शेजारच्या वर्गातले चौथीचे गुरुजी. नुसतं 'उद्या जेवायला येतो' एवढं बोलून अख्ख्या वाडीच्या तोंडचं पाणी पळवणारा माणूस उभ्या आंबेगाव तालुक्यात दुसरा झाला नाही.

महाळुंगे पडवळच्या पलीकडं एका वाडीवर आमची शाळा. गुरुजी रोज सायकल घेऊन येत, पण तिच्यावर बसलेलं मी त्यांना नऊ वर्षांत पाहिलं नाही. हँडल धरून शेजारनं चालत. विचारलं तर म्हणत, "सोबत आसली की बरं वाटतं, राव." खडू टोपीत ठेवत, त्यामुळे उन्हाळ्यात कपाळावरून पांढरा ओघळ आला की ओळखावं, गुरुजींना घाम फुटलाय. शिपायाच्या घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता. मंचरची एसटी दिसली की ते स्वतः घंटा देत. एसटी घाटात बंद पडली त्या दिवशी शाळा दीड तास उशिरा भरली. आणि खिशात कायम लिंबं. यजमानाकडं असेल नसेल, म्हणून आपलं आपण नेत.

या जेवणाचीच तर धास्ती. एक मेला झेंडावंदन झालं की निकाल. पास झालेल्यांचीच नावं वाचायची, ज्याचं आलं नाही त्यानं काय ते समजून घ्यायचं, अशी शाळेची रीत. गुरुजींना ती पटत नसे. म्हणून चौथीत जो नापास, त्याच्या घरी ते आदल्या संध्याकाळी जेवायला जात. दोघं नापास असले तर दोनदा जेवत. मुलाला शेजारी बसवायचं, अर्धं लिंबू त्याच्या कालवणात पिळायचं आणि सांगायचं, "मी सातवीला दोनदा बसलो, राव. दुसऱ्यांदा खिडकीची जागा मिळाली." दुसऱ्या दिवशी ती मुलं रांगेत नसत, कुणाकडं झेंड्याची दोरी, कुणाकडं गोळ्यांचा डबा. आयांना मात्र धडकी भरे. एकीनं निरोप धाडला, "आज आमच्यात समद्यांचा उपास हाय." गुरुजींचा उलट निरोप गेला, "मग भगर टाका. लिंबू उपासाला चालतं."

त्या वर्षी चौथीच्या निकालपत्रकाच्या बेरजा तपासायचं काम माझ्याकडं होतं. माझ्या मुलीची, मनीषाची, गणिताची बेरीज मी चार वेळा केली. चारी वेळा पास होण्यापेक्षा कमीच आली. गुरुजी समोर बसले होते. म्हणाले, "मास्तर, उद्या तुमच्याकडं येतो जेवायला." मी "या" म्हटलं. पण सायकल धरून गुरुजी मास्तराच्या दारात उभे आहेत आणि सगळी वाडी बघतेय, एवढंच डोळ्यांपुढं येत राहिलं. घरी अवाक्षर काढलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारीच घराला कुलूप.

दिवेलागणीला परतलो तर उंबऱ्यावर दोन लिंबं. "कुणीतरी करणी केली बया," म्हणत बायकोनं ती चपलेनं रस्त्यापलीकडं उडवली आणि मनीषावरून आणि माझ्यावरून मीठ-मोहरी ओवाळली. लिंबं कुणाची ते मला ठाऊक होतं. मनीषा उद्याच्या फ्रॉकला इस्त्री करायला बसली. तेव्हाही सांगता आलं असतं.

सकाळी ती पहिल्या रांगेत उभी राहिली. यादी संपली तरी उभीच. अजून एखादं पान असेल, असं तिला वाटलं.

बायको तरातरा गुरुजींपुढं गेली. "समद्यांच्या घरी जाता. आमच्याच पोरीनं काय केलं व्हतं?" गुरुजींनी एकदा माझ्याकडं बघितलं. मी झेंड्याकडं बघत होतो. "ध्यानातनं गेलं, वैनी," ते म्हणाले. "वय झालं. चुकलं माझं." नंतर ऑफिसात आम्ही दोघंच असताना त्यांनी विचारलं, "शेजारी म्हनले, लेण्याद्रीला गेलता. गर्दी व्हती का?" मी नाही म्हटलं. "बरं झालं. दर्शन निवांत झालं आसंल." त्यात टोमणा नव्हता. असता तर सोपं गेलं असतं.

पुढल्या वर्षी गुरुजींनीच तिला पास केलं. मग ते निवृत्त होऊन जुन्नरकडं आपल्या गावी गेले, सायकल शेजारी चालवत. चौथी आता माझ्याकडं आहे. एप्रिल संपत आला की मी निकालपत्रक घेऊन बसतो, पण कुणाच्या घरी जेवायला जाण्याची हिंमत मला अजून झालेली नाही. मनीषाचं लग्न झालं. माहेरी आली की कधीतरी सहज म्हणते, "गुरुजी सगळ्यांकडं गेले, मलाच विसरले."

ते विसरले नव्हते, हे मला तिला सांगायचं आहे. आणि गुरुजींचं एक जेवण माझ्याकडं देणं आहे.