लिल्लाचा बीम आणि ब्रेटचे नियम

जिम्नॅस्टिक्स क्लबच्या काउंटरवर बसलं की दोन गोष्टी अंगाला चिकटतात. एक म्हणजे चॉकची पांढरी पूड आणि दुसरे किस्से. पूड निदान वॉशिंग मशीनमध्ये जाते!

मी पुण्याहून मेलबर्नला आले ती क्लेटनच्या युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, आयटीचं मास्टर्स करायला. धड नोकरी मिळेपर्यंत म्हणून जवळच्या एका क्लबच्या ऑफिसात चिकटले, ती पाच वर्षं तिथेच. मित्रमंडळी जमली की कोणीतरी हमखास म्हणतं, "मृणाल, तुझ्या त्या हंगेरीवालीचं सांग ना." ते हसायला बसलेले असतात. मी सांगतेही. पण खरं सांगू? मला अजून त्यातल्या निम्म्या गोष्टींचा रागच येतो.

* * *

लिल्ला पहिल्यांदा आली ती कोविडच्या जेमतेम महिनाभर आधी. वय चौदा, केस घट्ट बांधलेले, हातात कागदांची फाइल. सोबत तिची आई युडित. युडित फिजिक्सवाली, युनीत तीन वर्षांच्या प्रोजेक्टवर आलेली. लिल्ला हंगेरीत ज्युनियर गटात वरच्या नंबरात होती. सर्टिफिकेटं, स्कोअरशीट्स, सगळं त्या फाइलमध्ये होतं.

आमचा मॅनेजर ब्रेट. त्याने फाइल उघडली, दोन पानं उलटली आणि मिटली.

"हे आमच्या सिस्टिममधलं नाहीये, मेट. आमच्याकडे लेव्हल्स असतात. चौथ्या लेव्हलपासून सुरू कर."

चौथ्या लेव्हलला आमच्याकडे नऊ वर्षांच्या मुली असतात! मी म्हटलं, "ब्रेट, ती देशातल्या पहिल्या काहींमध्ये आहे."

"कुठल्या देशातल्या?" ब्रेट म्हणाला.

 लिल्ला गेली आणि त्या चिमुरड्यांच्या रांगेत सगळ्यात मागे उभी राहिली. त्या कोलांट्या मारत होत्या, हिनेही मारली. मग सगळ्यांना सांगितलं, शेवटी आपल्याला येईल ते काहीतरी करून दाखवा. हिची पाळी आली. चार पावलं धावली, हात टेकले, उलटी उसळली, हवेत सरळच्या सरळ शरीराने पूर्ण गिरकी घेतली आणि दोन पायांवर उभी! आवाजसुद्धा नाही.  एका पोरीने तर टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

ब्रेट धावत माझ्या काउंटरवर आला. वाटलं, आता लेव्हल बदलेल.

"मृणाल! तिने इन्शुरन्सचा फॉर्म भरलाय का?"

* * *

मग लॉकडाउन लागला. मेलबर्नचा लॉकडाउन ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, दिवसातून एक तास व्यायाम, तोंडाला मास्क. क्लबला कुलूप.

क्लबकडे सरावाचे छोटे, जमिनीवर ठेवायचे बीम होते. मोठ्या मुलींना ते घरी द्यायचं ठरलं. यादी ब्रेटने केली. लिल्लाचं नाव नाही! का, तर एक वर्ष जुनी मेंबर हवी.

बॅलन्स बीम म्हणजे काय, तर दहा सेंटीमीटर रुंद आणि पाच मीटर लांब पट्टी. मुली तिच्यावर उड्या मारतात, गिरक्या घेतात, कोलांट्या घालतात. लिल्लाचा जीव त्या पट्टीत. आणि तिलाच ती नाही.

मायलेकी माझ्याच बिल्डिंगमध्ये राहायच्या, तो फ्लॅट मीच दाखवला होता. एका दुपारी बाल्कनीतून खाली पाहते तर लिल्ला पार्किंगमध्ये. दोन गाड्यांच्या जागांमध्ये जी पिवळी रेघ असते ना, तिच्यावर! तिने टेपने मोजून पाहिली होती. रुंदी बरोबर, लांबी तर थोडी जास्तच. फोन भिंतीला टेकवलेला आणि फोनवर हंगेरीतून तिची जुनी कोच, एर्झी नेनी. नेनी म्हणजे आपल्याकडे काकू म्हणतो तसं. आपली दुपार म्हणजे त्यांची सकाळ. नेनी तिकडून ओरडायची आणि ही त्या रेघेवर गिरक्या घ्यायची.

तीन आठवडे हे चाललं. मग बिल्डिंगमधल्या कोणीतरी पोलिसांना कळवलं. पिवळ्या रेघेवर गिरक्या घेणाऱ्या मुलीचा कोणाला काय त्रास होतो, सांगा मला! नंतर कळलं, ज्याने तक्रार केली त्याच्याकडे गाडीच नव्हती!

पोलीस आला, तो तसा वाईट नव्हता. तरुण होता. मी खाली उतरेपर्यंत त्याची चौकशी सुरू झाली होती.

"काय करतेस इथे?"

"बीम करतेय."

"बीम कुठेय?"

लिल्लाने खाली बोट दाखवलं. त्याने रेघेकडे पाहिलं. हिच्याकडे पाहिलं. वहीत काय लिहावं कळेना त्याला.

"ठीक आहे. पण व्यायाम एकच तास अलाउड आहे. किती वेळ करतेयस?"

लिल्लाने मनात हिशेब केला आणि अगदी प्रामाणिकपणे सांगितलं, "अकरा वर्षं."

* * *

घरी बसल्यावर मुली वाढल्या. वाढणारच ना, त्या वयात! लिल्ला तर बघता बघता चांगली उंच झाली. झूमवर सगळ्यांचा व्यायाम चालायचा, होस्ट मी. एक दिवस ब्रेट त्यात आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "लॉकडाउन काहींना जरा जास्तच मानवलेला दिसतोय."

बारा चौकोनांत बारा मुली. एकेक करून पाच कॅमेरे बंद झाले. मला माझंच आठवलं. लहानपणी लग्नकार्यात नातेवाईक गालाला हात लावून "बाळसं धरलंय हो" म्हणायचे, ते.

तेवढ्यावर थांबला नाही तो. संध्याकाळी त्याचा ईमेल आला: दर सोमवारी प्रत्येक मुलीने आपलं वजन मृणालला कळवायचं, मृणालने तक्ता ठेवायचा. माझं नाव घालून! मला न विचारता!

मी उत्तर टाइप करत होते, खोडत होते. तेवढ्यात युडितचं उत्तर आलं, सगळ्या पालकांना कॉपी करून. युडित इंग्रजी कमी बोलायची, पण लिहायची नेमकं.

"प्रिय ब्रेट, माझं काम मोजमापाची उपकरणं तपासण्याचं आहे. घरोघरचे काटे वेगवेगळे असल्याने आकडे विश्वासार्ह नसतील. आधी एक प्रमाण ठरवावं लागेल. कृपया तुमचं वजन सगळ्यांना कळवा. त्यावरून आम्ही आमचे काटे जुळवून घेऊ."

तो तक्ता मी कधी उघडलाच नाही. कोणी मागितलाही नाही.

* * *

दोन लॉकडाउनच्या मध्ये क्लब थोडा उघडला, तेव्हा व्हिडिओ कॉम्पिटिशन निघाली. आपापल्या जिममध्ये रुटीन करायचं, शूट करायचं, पाठवायचं. अट एकच: एका दमात, कट न करता.

हॉलमध्ये आम्ही तिघंच. ब्रेट, मी आणि लिल्ला. शूटिंग माझ्या फोनवर. लिल्ला कित्येक महिन्यांनी खऱ्या, सव्वा मीटर उंच बीमवर चढली. पहिली उडी सुरेख. दुसरी त्याहून सुरेख. एका पायावर दोन गिरक्या घ्यायला लागली आणि माझा फोन वाजला. रेकॉर्डिंग बंद. स्क्रीनवर "आई, पुणे"!

लिल्लाने रुटीन पूर्ण केलं, उतरली, हात वर केले. मी फोन धरून उभी. मला रडूच फुटलं.

"परत करू देत तिला," मी म्हटलं. "चूक माझी आहे."

"नियमात एकच टेक आहे," ब्रेट म्हणाला.

"अरे, पण टेक झालाच कुठे? अर्धाच आहे!"

"नियम म्हणजे नियम."

आणि त्याने काय करावं? स्वतःच्या क्लबच्या मुलीविरुद्ध स्वतःच आयोजकांना मेल केला! तिथल्या तिथे, माझ्यासमोर! कोणी मागितला होता का? सुदैवाने पलीकडे कोणी शहाणं माणूस होतं. दहा मिनिटांत उत्तर आलं: "फोन वाजला तर पुन्हा करा की. त्यात विचारायचं काय?"

लिल्लाने पुन्हा केलं. पहिल्यापेक्षा चांगलं. उतरून माझ्याजवळ आली, माझ्या हातातला फोन घेतला, एरोप्लेन मोड कुठे असतो ते दाखवलं आणि परत दिला.

आईला मी झापलं. ती म्हणाली, "मला काय माहीत, तिथे कोणी हवेत आहे म्हणून?" तेव्हापासून दर फोनला आधी विचारायची, "ती मुलगी जेवली का?"

* * *

हा किस्सा मी सहसा सांगत नाही. पण सांगते.

कोविडच्या दुसऱ्या वर्षी एर्झी नेनीचा फोन आला. हंगेरीत सीनियर टीमच्या निवड चाचण्या होत्या. लिल्ला आली तर तिची जागा होऊ शकते. यायलाच हवं.

जाता येत होतं. परत येता येत नव्हतं! आमच्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावाल्यांना बॉर्डर बंद. मी तिच्यासाठी परवानगीचा अर्ज भरला. कारणं जोडली, कोचचं पत्र जोडलं. उत्तर दोन ओळींचं: तुम्ही देश सोडू शकता, परतीची हमी देता येत नाही. फुटीच्या, म्हणजे इथल्या फुटबॉलच्या, टीम्स कुटुंबकबिल्यासह या राज्यातून त्या राज्यात नेऊन ठेवल्या होत्या, आणि एका पोरीला महिनाभर घरी जाऊन परत येता येत नाही! युडितचं काम अजून दीड वर्ष होतं. घरात दोघीच. मुलगी एका देशात, आई एका देशात, किती दिवसांसाठी ते कोणालाच माहीत नाही.

एका आरव्होला, म्हणजे दुपारी, लिल्ला माझ्याकडे आली. बाल्कनीत बसलो.

"मृणाल, तू गेली असतीस?"

त्याच आठवड्यात माझे बाबा पुण्यात ऑक्सिजनवर होते. भाऊ बेडसाठी फोन करत फिरत होता. मी इथे, फोन मांडीवर घेऊन. माझी पीआरची, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याची, फाइल अडकलेली. आणि भारतातून येणारी विमानंच बंद केलेली. गेले असते तर परत कधी आले असते, देव जाणे.

"मी गेले नाहीये," मी म्हटलं.

ती उठली. मग आत गेली, चहा कसा करतात हे तिला ठाऊक नव्हतं, तरी केला. दूध आधी गरम केलं, त्यात पावडर, मग पाणी. मी तो प्यायले.

बाबा वाचले. लिल्ला थांबली. चाचण्यांच्या दिवशी एर्झी नेनीने तिकडून फोन धरून ठेवला आणि लिल्लाने इथे बसून दुसऱ्या मुलीला आपल्या जागी निवडलं जाताना पाहिलं. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "तिची उतरायची उडी चांगली आहे. माझी त्याहून चांगली आहे."

* * *

तुम्ही विचाराल, पुढे काय झालं? युडितचं काम संपलं आणि दोघी परत गेल्या. नॅशनल टीम काही झाली नाही. त्या खेळात वर्ष गेलं की गेलं, ते कोणी परत देत नाही. लिल्ला तिकडे आपल्या गावच्या क्लबकडून बीमवर खेळते आणि सकाळी लहान मुलींना शिकवते. मधूनमधून व्हिडिओ पाठवते.

पण त्याआधीचं एक राहिलं.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस, शेवटचा लॉकडाउन उठल्यावर, खरीखुरी कॉम्पिटिशन झाली. माणसं समोर बसलेली, जजेस समोर बसलेले. लिल्लाचा फॉर्म मी भरला होता, "क्लब मेंबर" म्हणून. वर्षाहून जास्त झालं होतं, नियमात बसत होतं. ब्रेटने मला न सांगता तो बदलला. नागरिक नाही, पीआर नाही, म्हणून "गेस्ट"! गेस्ट म्हणजे खेळायचं, स्कोअर लागणार, पण नंबर नाही. आयोजकांना एक फोन केला असता तर काम झालं असतं. केला नाही.

आम्हाला ते कळलं बोर्डावर. लिल्ला बीमवर चढली आणि नव्वद सेकंद मी श्वास घेतला नाही. एकदाही डगमगली नाही ती. स्कोअर लागला, त्या दिवसातला सगळ्यात मोठा. लोक उठून उभे राहिले. आणि तिच्या नावापुढे नंबराच्या जागी नुसती आडवी रेघ!

मेडल्स दिली, ती तिच्याहून कमी स्कोअरच्या तिघींना. त्या बिचाऱ्यांची काय चूक? लिल्लाने तिघींना मिठी मारली. मग ब्रेटने तिला मॅट्स उचलायला लावल्या, कारण "पुढचा गट यायचाय." तिने उचलल्या. युडित स्टँडमध्ये उभी होती, दोन्ही हात कोटाच्या खिशात.

जानेवारीत नव्या टर्मचे प्रवेश सुरू झाले. एका सकाळी क्लबमध्ये आले तर काचेच्या दारावर भलंमोठं पोस्टर. लिल्ला! बीमच्या वर हवेत, पाय दोन दिशांना ताणलेले, त्याच दिवशीचा फोटो. खाली लिहिलेलं: "आमच्या चॅम्पियन्सबरोबर शिका!" ना तिला विचारलं, ना युडितला.

लिल्ला सरावाला आली. दाराशी थांबली. पोस्टर वरपासून खालपर्यंत वाचलं. मग माझ्या काउंटरवर आली आणि पेनांच्या मगमधला जाड काळा मार्कर उचलला.

"मृणाल, गेस्टच्या स्पेलिंगमध्ये यू आधी की ई?"

"यू," मी म्हटलं.

तिने टोपण काढलं, दाराकडे गेली आणि टाचा उचलून पोस्टरवर, सावकाश, एकेक अक्षर लिहिलं. मग मार्करला टोपण लावलं, तो माझ्या मगमध्ये ठेवला आणि वॉर्म-अपला गेली.