भोकरला गेलेली पानं
झेरॉक्सचा गरम कागद हातात आला की मला लातूरची क्लासेसची गल्ली आठवते. भूकंपानंतर बांधलेल्या पत्र्याच्या खोलीत मी आणि माझा भोकरचा दोस्त राहायचो. क्लासला येणाऱ्या नव्या पोरांना खोली अन् मेस शोधून देणारी वेबसाइट आम्ही बनवत होतो. शिकवणारं कुणी नव्हतं. लॉगिन कसं बनवायचं, फोटो कसा चढवायचा, अशा एकेक कृती पाककृतीसारख्या दिलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं, त्याचीच झेरॉक्स काढली. पोरं नोट्स वाटून घेतात तशी ती आम्ही मधोमध कापायला सांगितली. दुकानातले चाचा म्हणाले, "अरे, हे काय परीक्षेचं हाय का वाटून घ्यायला? एकाचं दुसऱ्याला लागंल की!" आम्ही हसलो. साइट बनवायचा भाग माझ्याकडे आला, ती इंटरनेटवर चढवायचा त्याच्याकडे. माझ्या कॉम्प्युटरवर साइट झकास चालायला लागली, अन् तो पानं पिशवीत टाकून सोयाबीन काढायला गावी गेला. तिथं वडील आजारी पडले, तो तिकडचाच झाला. एकदा त्याचा फोन आला, "तूच ये की इकडं. मी समदं वाचून ठेवलंय, दोघं बसून चढवून टाकू." मी "बघतो" म्हणालो. भोकरला जायला गाडी रोज होती. माझा अर्धा भाग अजून कपाटात आहे. त्यातलं शेवटचं वाक्य मधेच तुटतं : आता ही साइट इतरांनाही दिसावी म्हणून... पुढचं पान त्याच्याकडे आहे.