पातेल्याचे आटे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि माझं काही तिच्यापासून लपत नाही, असा तिचा पक्का समज आहे. मग तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही अण्णांना ओळखत नाही म्हणून.

अमेरिकेत नेपरव्हिलला माझ्या मित्राच्या, नितीनच्या गराजमध्ये आम्ही दोघं दर शनिवारी बिअर बनवायचो. चांगली व्हायची अशातला भाग नाही. पण काय दिवस होते ते! गराजचं दार वर केलेलं, बाहेर कुणीतरी लॉन कापतंय, शेगडीवर स्टीलचं भलंमोठं पातेलं आणि उकळत्या माल्टचा तो गोडसर वास. नितीनचे वडील — अण्णा — म्हणायचे, गुऱ्हाळात बसल्यासारखं वाटतं. ते आणि काकू कोल्हापूरहून सहा महिन्यांसाठी आले होते. अण्णा थेंबभरही प्यायचे नाहीत, पण शनिवारची वाट आमच्यापेक्षा जास्त बघायचे.

एरवी त्यांना करायला होतं काय? गाडी चालवता येत नाही, गप्पा मारायला कुणी नाही. म्हणून घरात दिसेल ते दुरुस्त करत सुटायचे. सैल स्क्रू आवळ, नळ घट्ट कर — त्या नादात नितीनच्या किचनचा नळ एकदा मोडलाही होता. विचारायची पद्धतच नव्हती. हात आधी, बोलणं मागून. मला फार आवडायचं ते.

तर — पातेलं. त्याला खाली तोटी होती. दर वेळी ती काढून धुवायची आणि आट्यांवर पांढरी टेप गुंडाळून परत बसवायची. हे काम माझ्याकडे. का, तर मी मेकॅनिकल इंजिनिअर! डिग्री झाल्यापासून नुसता कोड लिहिला, पाना हातात धरला तो थेट या गराजमध्ये — पण ऐट केवढी.

त्या शुक्रवारी मी घाईत होतो. टेप संपली होती, तशीच लावली तोटी. तिरकी गेली. ते हाताला कळलं होतं — हे मला स्पष्ट लिहायचंय — कळलं होतं. स्टील करकरलं. उलटी फिरवून पुन्हा सरळ लावायला असा किती वेळ लागला असता? मी पाना घेतला आणि जोर केला.

शनिवारी पातेलं उकळत असताना तोटीच्या कडेनं गळायला लागलं, मग धारच लागली. नितीनचा पाय थोडक्यात वाचला. सगळा माल जमिनीवर. गार झाल्यावर तोटी कशीबशी खोलली तर आतले आटे पार गेलेले. आणि नितीन वळला तो वडिलांकडे.

"अण्णा, तुम्हीच टाइट केलंत ना हे? एव्हरी टाइम! कशाला हात लावता प्रत्येक गोष्टीला?"

नितीनची बायको, मुलगी, काकू — सगळ्यांसमोर. अण्णा पातेल्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लावला असेल बाबा. सवयच वाईट माझी."

असेल! त्यांनी बोटही लावलं नव्हतं. आणि मी काय करत होतो? मी जमीन पुसायला फडकं शोधत होतो.

पुढच्या शनिवारी मी नवी तोटी आणि नवे आटे पाडायचा टॅप घेऊन गेलो. पातेलं धरायला कुणीतरी हवं होतं. अण्णा जवळ आले आणि थांबले. "हात लावू का?" म्हणाले. त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं. मग आम्ही दोघंच बसलो. तेलाचे थेंब सोडायचे, टॅप थोडा पुढे, थोडा मागे, स्टीलचा कीस पुसायचा, पुन्हा पुढे. स्टील चिवट असतं, घाई चालत नाही. सांगायला वेळ होता. भरपूर होता. मी तेल घालत राहिलो.

नवी तोटी बोटांनी अलगद फिरत आत गेली. अण्णांचा चेहरा खुलला. "माझ्यामुळे तुला त्रास झाला मिलिंद," ते म्हणाले. "पण निस्तरलंस हो."

आणि मी — हेच सांगायला इतकं लांबून यावं लागलं — मी म्हणालो, "चालायचंच काका. होतं असं."

मी त्यांना माफ केलं!

पुढे नितीन दुसऱ्या राज्यात, अल्फारेटाला गेला, पातेलं माझ्याकडे ठेवून. अजून वापरतो. थेंब गळत नाही.

यंदा भारतात गेलो तेव्हा कोल्हापूरला अण्णांकडे गेलो होतो. थकलेत, पण मला बघून केवढे खूश झाले! चहा होईपर्यंत आम्ही स्वयंपाकघरातच बसलो. तिथला नळ ठिबकत होता. अण्णा उठून त्याच्याजवळ गेले, थोडा वेळ बघत उभे राहिले आणि काकूंकडे वळून म्हणाले, "हात लावू का?"

"अहो, घर तुमचंच ना? मला काय विचारता!" काकू हसत म्हणाल्या.

मीही हसलो. चहा प्यायलो आणि निघालो.