वरच्या काकांचा व्याध

सोलापूरच्या आकाशाचा सातबारा आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांच्या नावावर आहे, याबद्दल आमच्या जुळे सोलापूर भागात तरी दुमत नाही. काका एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, मूळचे वैरागकडचे. थंडीत लवकर जेवून ते गच्चीवर येतात आणि हाती लागेल त्याला मृगाच्या पट्ट्यातले तीन तारे दाखवत खाली व्याधापर्यंत नेऊन सोडतात. एकदा पार्सलवाल्यालाही त्यांनी पार्सलसकट वर नेलं होतं. "रातच्याला ह्याच्यापेक्षा तेजस्वी तारा न्हाय. वजनानं सूर्याच्या दुप्पट, उजेड पंचवीसपट. आपला शेजारीच म्हणायचा, तरी उजेडाला हितं यायला साडेआठ वर्षं लागत्यात. वाटेत थांबा न्हाय की चहा न्हाय." मग त्यांचा आवाज खाली येतो. "त्याच्या जोडीला एक बारका तारा फिरतो, नुसत्या डोळ्याला दिसत न्हाय. आकार पृथ्वीएवढा आन् वजन सूर्याएवढं." हे मी इतक्यांदा ऐकलंय, तरी दर वेळी अंगावर काटा येतोच.

गेल्या थंडीत मात्र काकांनी नवंच काढलं. व्याध पिवळा पडायला लागलाय म्हणे. मी म्हटलं, "काका, चांगला निळसर पांढरा आहे." "तू आत्ता बघायला लागलीस. माझी सगळी नोकरी त्याच्या सोबतीनं झाली." आधी त्यांनी धुळीला दोष दिला, मग रस्त्यावरच्या दिव्याला, आणि शेवटी तारा म्हातारा झाल्याचं जाहीर करून आजारी भावाची करावी तशी त्याची काळजी करू लागले. एके दिवशी जिना उतरताना पायरी चुकली, तेव्हा त्यांच्या लेकीनं डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू; पिवळेपणा तिथला होता. काका ऑपरेशनला तयारच होईनात. "बिघडलं म्हंजे? पिवळा का हुईना, दिसतोय की." घाटातून उभी हयात गाडी नेलेला हा माणूस, पण ऑपरेशनचं नाव काढलं की उठून गच्चीवर निघून जायचा. मला फार वाईट वाटलं.

लेकीनं समजूत घालघालून शेवटी दोन्ही ऑपरेशनं करवली. डॉक्टर गच्चीवर जायला हो म्हणाले त्या संध्याकाळी मी त्यांना हाताला धरून गच्चीवर नेलं. काकांनी पट्टा शोधला, नजर खाली आणली आणि तिथेच खिळवली. समोर व्याध नुसता लखलखत होता. "काका, दिसतंय ना?"

"व्हय, लई दिसतंय," ते म्हणाले. "त्याला म्हातारा म्हणत हुतो बघ मी. त्यो हाय तसाच हाय. मीच झालो."

मग टोपीनं डोळे पुसावेत तर डॉक्टरांनी मनाई केलेली, म्हणून ते तसेच वर बघत राहिले. मीही बघत राहिले. त्या घटकेला व्याधावरून निघालेला उजेड साडेआठ वर्षांनी आमच्या गच्चीवर उतरेल, तेव्हा तो बघायला काका तिथे असावेत, एवढंच मला वाटत होतं.