ओल्या दुपट्ट्याचं शहाणपण

माझे वडील उन्हाने गेले. यवतमाळच्या एका कचेरीत कारकून होते. मे महिन्यातही दुपारी सायकलवरून जेवायला घरी यायचे आणि डोक्याला काही बांधायचे नाहीत, कारण टोपीने केस जातात असा त्यांचा समज. एका दुपारी आले, सायकल स्टँडवर लावली, आईला पाणी मागितलं आणि भिंतीला टेकून खाली बसले. आई तांब्या घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी तेव्हा बारावीला होते. त्या दिवसापासून मी एकच शत्रू ओळखत आले, ऊन. आणि त्याच्यावर माझ्याकडे एकच हत्यार होतं. सुती दुपट्टा, पाण्यात बुडवून अर्धवट पिळलेला, डोक्यातोंडाला घट्ट गुंडाळलेला.

लग्न होऊन आर्णीजवळच्या गावात आले ते हा दुपट्टा घेऊनच. नवऱ्याला, सासऱ्यांना, दारावर आलेल्या पोस्टमनला, कोणालाही मी कोरडं जाऊ देत नसे. या बाईच्या दारावरून गेलं की न्हाऊनच जावं लागतं, अशी माझी चेष्टा व्हायची आणि मला ती आवडायची. सासूबाई प्रत्येकाच्या खिशात कांदा घालत, दंडाला काळा दोरा बांधत, आणि मी मनातल्या मनात हसत असे. माणसं जीव राखायला काय काय करतात, किती पिढ्या करत आली आहेत, असं म्हणून मी त्या सगळ्यांना खुळ्यात काढत होते. माझा दुपट्टा तेवढा खुळा नाही, याबद्दल मला कधी शंका आली नाही. उन्हाळ्यात तो खरोखर उपयोगी पडायचा, तिथेच घात झाला.

आमच्या वावरात फवारणी करायला एकच माणूस होता. त्याला मी भाऊ म्हणायची, तो मला बाई म्हणायचा. माझ्यापेक्षा चारसहा वर्षांनी मोठा, अंगाने वाळका, कमी बोलणारा. स्वतःचं वावर नव्हतं, पण कपाशीवर औषध मारण्यात त्याचा हात धरणारा आसपासच्या गावांत कोणी नव्हता. त्याच्या रीती ठरलेल्या. उजाडताच यायचा. चिमूटभर माती वर उडवून वारा पाहायचा आणि वाऱ्याकडे पाठ करूनच ओळीत शिरायचा. तोंडाला कोरडं फडकं बांधायचा आणि दोन टाक्या मारून झाल्या की ते सोडून दुसरं बांधायचा. वापरलेली फडकी धुऱ्यावरच्या, वावराच्या बांधावरच्या, बाभळीला टांगलेली असत. त्यांना कोणी हात लावायचा नाही, त्याच्या बायकोनेसुद्धा नाही. ती तो स्वतः नाल्याच्या कडेला वेगळी धुवायचा. उन्हं चढली की पंप खाली ठेवायचा. मालक काहीही म्हणो, दहानंतर तो फवारा मारत नसे.

त्या वर्षी पोळा होऊन आठवडा झाला होता. पाऊस थांबला होता आणि असा उकाडा होता की पाण्यातून चालल्यासारखं वाटायचं. कपाशी कुठे छातीला, कुठे डोक्याला लागलेली. एवढ्या उंच झाडांवर औषध मारायचं तर नळी वर धरावी लागते आणि वर मारलेलं सगळं खाली आपल्याच अंगावर येतं. त्यात पुन्हा पाऊस येणार अशी बातमी होती. चार एकर त्याच दिवशी उरकायचं असं माझ्या नवऱ्याच्या मनाने घेतलं. दुकानदाराने औषधाच्या डब्यांसोबत एक किट दिलं होतं: प्लास्टिकचा अंगरखा, चष्मा, हातमोजे, तोंडाला मास्क. नवऱ्याने ते भाऊला घालायला लावलं आणि दहानंतरही काम चालू ठेवायला लावलं.

भाकरी घेऊन मी अकराच्या सुमाराला वावरात गेले, तर भाऊ धुऱ्यावर बसला होता. अंगरख्यातून घामाच्या धारा लागल्या होत्या, तोंड लालबुंद झालं होतं आणि तो पाठीमागे बाभळीला टेकला होता. मला भिंतीला टेकलेले माझे वडीलच दिसले. माझं डोकं फिरलं. मी तो अंगरखा ओढून काढला, चष्मा आणि मास्क काढला, दुकानदाराला आणि नवऱ्याला जे तोंडाला येईल ते बोलले.

भाऊने थोडं पाणी पिऊन पोत्यातून शेवटचं कोरडं फडकं काढलं. ते मी हिसकावून घेतलं.

"एवढ्या उन्हात कोरडं बांधून मरता काय, भाऊ?"

"मले कोरडंच बरं लागते, बाई. ओला कपडा दवाई पेते."

"दवाई नाही, पाणी पेते. गप राहा आता."

तो हसला. मालकिणीचं मन मोडवेना म्हणून म्हणा, की माझ्या तोंडाला कोण लागणार म्हणून, पण तो गप राहिला. मी माझा दुपट्टा घागरीतल्या गार पाण्यात बुडवला आणि त्याच्या डोक्यापासून गळ्यापर्यंत गुंडाळला, फक्त डोळे उघडे ठेवले. त्याला बरं वाटलं असावं. तसा तो म्हणालाही. मी स्वतःवर इतकी खूश झाले की घरी न जाता तिथेच बसून राहिले.

त्यानंतर टाकी भरायला तो धुऱ्यावर आला की मी दुपट्टा सोडायची, घागरीतलं पाणी ओतून ठेवलेल्या बादलीत खळबळून काढायची आणि परत बांधायची. त्याच बादलीत, त्याच पाण्यात. दुपट्ट्याला वास येत होता. फवारणीच्या दिवसांत भाकरीलासुद्धा तो वास येतो, म्हणून मी लक्ष दिलं नाही. माझ्या बोटांना मुंग्या आल्या, ओठ कडू लागले, तेही मी सोडून दिलं. वावर मात्र विचित्र शांत होतं. एरवी ओळींतून फिरणारे बगळे त्या दिवशी नव्हते, एकही नव्हता. पंपाची घरघर थांबली की काहीच ऐकू यायचं नाही.

तिसऱ्यांदा आला तेव्हा भाऊ पाय ओढत चालत होता. ओला दुपट्टा कपाळावरून ठिबकत होता आणि ते पाणी त्याच्या डोळ्यांत उतरत होतं.

"आभाळ आलं काय, बाई?" त्याने विचारलं. "अंधारल्यासारखं दिसून राह्यलं."

मी वर पाहिलं. सूर्य डोक्यावर होता आणि आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. पण मला एकच शत्रू माहीत होता ना! ऊन लागलंय तुम्हाला, असं म्हणून मी दुपट्टा पुन्हा बुडवला, या वेळी न पिळताच, आणि त्याच्या तोंडावर घट्ट बांधला. बाकी सगळ्याबद्दल मी स्वतःला कधीतरी माफ करीन, या एका बांधण्याबद्दल नाही.

दहा मिनिटांत पंपाचा आवाज एकाच जागेवरून यायला लागला. मी ओळीत शिरले तर तो आडवा पडला होता, तोंडातून लाळ, हातपाय थरथरत होते. नवऱ्याने आणि शेजारच्या वावरातल्या माणसाने त्याला मोटारसायकलवर मधे बसवून गावात आणलं, तिथून आर्णी, तिथून यवतमाळ. भाऊची बायको आणि मी मागून एसटीने गेलो. मी तिला वैनी म्हणायची. वाटभर तिचा हात मी धरून ठेवला होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्याहून बऱ्याच लहान. त्यांनी मला बाजूला बोलावलं. तोंडाला काय बांधलं होतं म्हणून विचारलं. माझ्या पिशवीतच होता तो दुपट्टा, मी दाखवला. त्यांनी तो हातात घेतला नाही. ओलं कापड फवारा शोषून घेतं, दिवसभर तोंडानाकाशी धरून ठेवतं, आणि कपाळावरून गळणारं पाणी डोळ्यांत गेलं ते वेगळं, असं त्या शांतपणे म्हणाल्या. याच्यापेक्षा काहीच नसतं बांधलं तरी बरं होतं.

"कोणी बांधलं हे?"

"त्यांनीच," मी म्हणाले.

पटकन आलं ते तोंडातून. चटका बसला की हात मागे येतो, तेवढ्याच पटकन. वैनी दहा पावलांवर बाकावर बसली होती. तिच्या कानापर्यंत ते गेलं नाही.

भाऊ वाचला. वीस दिवसांनी घरी आला, पण डाव्या डोळ्याने नुसता उजेड कळतो आणि उजव्याने समोर कोणी आलं तर सावलीएवढं दिसतं. घरी आणलं त्या दिवशी वैनीने माझे दोन्ही हात धरले आणि रडली. "बाई, तुमी ओला दुपट्टा बांधला म्हनून हे वाचले. कोरडंच राह्यलं असतं तं जाग्यावरच गेले असते."

मी भाऊकडे पाहिलं. त्याने माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं होतं. त्याला ठाऊक होतं. तो तर मला आधीच बोलला होता. तो काहीच बोलला नाही आणि त्या न बोलण्याने त्याने मला वाचवलं. घरी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "गप राह्य. आता सांगून काय त्याचे डोये येनार हायेत?" त्यालाही मला राखायचंच होतं, आणि स्वतःलाही.

मी मूग गिळून बसले. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या दुपट्ट्याची कीर्ती वाढत गेली. तूर निघेपर्यंत गावभर झालं की ओल्या दुपट्ट्याने माणूस जहरातून वाचतो. बायका आर्णीच्या बाजारातून खास जाड सुती दुपट्टे आणू लागल्या. पुढच्या हंगामाआधी शेतीखात्याचा एक तरुण माणूस गावात सांगायला आला. त्याने मास्क कसा लावायचा ते दाखवलं आणि म्हणाला, ओलं कापड अजिबात बांधू नका. बायका हसल्या. एकीने माझ्याकडे बोट केलं. "ह्या बाईले इचारा. ह्याईनं मानूस वाचोला."

तो माझ्याकडे आशेने पाहत होता. मी शिकलेली दिसते, मी तरी दुजोरा देईन असं त्याला वाटलं असावं. तेवढ्या एका वाक्यात सगळं मिटलं असतं. मी म्हणाले, ज्याचं त्याने पाहावं. आणि उठून घरी आले.

यंदा आमच्या वावरातला पंप भाऊच्या धाकट्या भावाने पाठीवर घेतला. लग्न होऊन वर्ष झालेला, हसरा गडी. पहिल्या फवारणीच्या दिवशी मी घरातच थांबले. जेवणाचा डबा नवऱ्याबरोबर पाठवावा असं ठरवलं होतं, पण नऊ वाजता माझे पाय आपोआप वावराकडे वळले. लांबूनच पंपाची घरघर ऐकू येत होती. धुऱ्यावर वैनी बसली होती, शेजारी पाण्याची बादली. दिराला जपायला ती स्वतःची मजुरी पाडून आली होती. मला पाहून तिला आनंद झाला आणि तिने सरकून जागा करून दिली. मी बसले नाही.

धाकट्याने आम्हाला पाहिलं, पंप बंद केला आणि ओळीतून बाहेर आला. डोक्यातोंडाला निळा दुपट्टा होता, चिंब. कपाळावरून थेंब निघून भुवयांवर थांबत होते आणि तिथून खाली उतरत होते. तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला, खाली वाकला आणि म्हणाला, "बाई, आता तुमच्या हातानंच बांधा. वैनीची गाठ ढिली पडते."

मी गाठ सोडली. दुपट्टा ओढून काढला आणि लांब फेकला. माझा आवाज थरथरला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

"तुझ्या भावाचे डोये म्या घालोले," मी म्हणाले. "ह्या ओल्या दुपट्ट्यानंच. ते नाही म्हनत होते, म्या बांधला. वर आनखी तीनदा भिजवून बांधला. आन डॉक्टरबाईले सांगतलं का त्याईनंच बांधला."

वैनी बादलीशेजारून उठली.

"त्याईले मालूम हाय हे?"

"हो, वैनी. पयल्यापासून."

"म्हंजे मलेच तेवढं मालूम नोतं."

मला वाटलं ती ओरडेल, मारेल, आणि मारलं असतं तर मी उभी राहून खाल्लं असतं. पण ती माझ्याकडे पाहतही नव्हती. पदराने ती दिराचं कपाळ पुसत होती, भुवया पुसत होती, पुन्हा पुन्हा तीच जागा.

"सकायपासून दोनदा भिजोला म्या," ती म्हणाली, आणि त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून तिने उजेडाकडे वळवला.